फसणाऱ्याची संमती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवीत. शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून ते थांबत नसत. हा शब्द कोण वापरतो, कुणाशी बोलताना वापरतो आणि कशासाठी, हे ते मुलांना शोधायला लावीत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्यांच्या स्मृतीला शोभेल असा विषय घ्यावा म्हणून मी एकच इंग्रजी शब्द घेऊन आलो आहे: ‘स्पूफ’.

आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द आता वरचेवर भेटतो. मनोरंजनाच्या पुरवणीत एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे स्पूफ सादर झाल्याचे वाचायला मिळते. गुन्हेवृत्तात स्पूफ केलेल्या क्रमांकावरून फोन येतो आणि कुणाची तरी आयुष्यभराची ठेव जाते. विदेशाच्या पानावर विमानांना जीपीएस स्पूफिंगचा त्रास होत असतो. एके ठिकाणी माणसे हसतात, दुसरीकडे रडतात, आणि तिसरीकडे वैमानिक आपण नेमके कुठे आहोत हे शोधत असतो. विनोदी नटाच्या तोंडचा एक शब्द इतक्या दूरवर कसा गेला आणि वाटेत त्याच्या हातून काय सुटले, हे मला आज सांगायचे आहे.

शब्दाचा जन्मदाता नावानिशी ठाऊक असणे ही भाषेच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट. या शब्दाच्या बाबतीत तो ठाऊक आहे. आर्थर रॉबर्ट्स, जन्म १८५२, लंडनच्या म्युझिक हॉलमधला नट. म्युझिक हॉल म्हणजे जिथे खाणेपिणे चालू असतानाच समोर गाणी, नकला आणि विनोद रंगत, अशी त्या काळची करमणुकीची घरे. रॉबर्ट्सची ख्याती होती ती आयत्या वेळी पदरचे संवाद घुसडण्याबद्दल. लेखकाने लिहिलेले एक, आणि हा बोलणार भलतेच. १८८४च्या सुमारास त्याने मित्रमंडळींत खेळायला थापेबाजीचा आणि निरर्थक बडबडीचा एक खेळ काढला आणि त्याला नाव दिले ‘स्पूफ’. त्याआधी या अक्षरांना काही अर्थ नव्हता. कानाला गमतीदार वाटतो एवढ्यावरच तो शब्द चालला, आणि थोड्याच वर्षांत कुठल्याही लटक्या फसवणुकीला लोक स्पूफ म्हणू लागले. रॉबर्ट्सने १९२७ मध्ये आपल्या आठवणींचे पुस्तक काढले, त्याचे नावच ‘फिफ्टी इयर्स ऑफ स्पूफ’.

इंग्लंडच्या पबमध्ये आजही याच नावाचा एक खेळ चालतो. प्रत्येक खेळाडूकडे तीन नाणी. त्यांतली एक, दोन, तीन किंवा एकही नाही, अशी तो बंद मुठीत घेतो आणि मूठ पुढे धरतो. सगळ्यांच्या मुठींत मिळून किती नाणी असतील याचा अंदाज प्रत्येकाने पाळीपाळीने सांगायचा. दोघांनी एकच आकडा सांगायचा नाही. मुठी उघडतात. ज्याचा अंदाज बरोबर, तो सुटला. शेवटी जो उरतो त्याने सगळ्यांच्या पेयाचे पैसे द्यायचे. वरवर पाहता हा नशिबाचा खेळ वाटतो, पण तसा तो नाही. पहिल्याने ‘आठ’ म्हटले की त्याच्या मुठीत बहुधा दोन-तीन नाणी असणार, असा तर्क दुसरा करतो. पहिल्याला हे माहीत असते, म्हणून तो मूठ रिकामी ठेवूनही ‘आठ’ म्हणतो. दुसऱ्यालाही हा डाव ठाऊक असतो. अशी ही एकमेकांच्या मनात शिरण्याची चढाओढ.

या खेळातल्या दोन गोष्टींकडे मी तुमचे लक्ष वेधतो, कारण पुढचे सारे त्यांच्यावर उभे आहे. जो खेळायला बसला तो फसायला तयार होऊन बसला. आणि मुठी शेवटी उघडतातच. फसणाऱ्याची संमती आणि फसवणाऱ्याने केलेला उलगडा, या दोन्ही गोष्टी त्या खेळाच्या घडणीतच आहेत. त्यांतली एक जरी काढली तरी तो खेळ राहत नाही.

संमती दर वेळी आधी विचारून घेता येत नाही, हे खरे. १ एप्रिल १९५७च्या रात्री बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या गंभीर वृत्तकार्यक्रमात तीन मिनिटांचा एक वृत्तान्त दाखवला गेला. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या तिचिनो प्रांतात यंदा हिवाळा सौम्य गेल्यामुळे स्पॅगेटीचे पीक भरघोस आले आहे, असा. बायका झाडांवरून लोंबणाऱ्या शेवया अलगद काढून उन्हात वाळत घालताना दिसत होत्या. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचे. हा साधा माणूस नव्हे. १९४५ मध्ये बेल्सनच्या छळछावणीतून जगाला पहिली माहिती देणाऱ्यांपैकी एक, आणि १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाचे वर्णन करणारा हा आवाज. स्पॅगेटी त्या काळी ब्रिटनच्या घरांत फारशी शिजत नसे, त्यामुळे ती झाडाला लागते की यंत्रातून निघते हे अनेकांना ठाऊक नव्हते. लोकांनी बीबीसीला फोन केले. आम्हालाही हे झाड लावायचे आहे, काय करावे? उत्तर मिळाले: टोमॅटो सॉसच्या डब्यात स्पॅगेटीची एक काडी खोचा आणि चांगले होईल अशी आशा धरा.

काही प्रेक्षक रागावले. वृत्तकार्यक्रमात असला प्रकार असावा काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. तरीही मी या प्रसंगाला निर्मळ मानतो. तारीखच उलगडा करत होती. कुणाचे काही गेले नाही. आणि जो फसला तो दुसऱ्या दिवशी आपल्या फसण्याची गोष्ट स्वतःच इतरांना सांगू शकला. फसलेला माणूस हसणाऱ्यांच्या घोळक्यात आपल्या पायांनी येऊन उभा राहू शकतो का? संमती आधी घेतली नसेल तर ती अशी मागाहून मिळते का, हे पाहावे लागते.

या कसोटीवर अवघड ठरणारा एक प्रसंग सांगतो. ७ फेब्रुवारी १९१० रोजी ब्रिटिश नौदलाच्या ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेच्या ॲडमिरलला तार आली की ॲबिसिनियाचे (आताच्या इथिओपियाचे) राजपुत्र आज नौका पाहायला येत आहेत. तार परराष्ट्र खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने होती. राजपुत्र आले. बँडने सलामी दिली. ॲबिसिनियाचे राष्ट्रगीत हाताशी नसल्याने झांझिबारचे वाजवले गेले. पाहुणे लॅटिन आणि ग्रीक शब्द मोडूनतोडून आपसांत बोलत होते. ते होते होरेस डी व्हिअर कोल या थट्टेखोर माणसाचे मित्र, चेहऱ्यांना काळा रंग फासलेले, खोट्या दाढ्या लावलेले. त्यांत एक तरुणी होती, व्हर्जिनिया स्टीफन. पुढे व्हर्जिनिया वूल्फ म्हणून जग जिला ओळखते ती. बातमी कोलनेच वर्तमानपत्रांकडे पोचवली आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराची छी-थू झाली.

इंग्रजीत याला ‘ड्रेडनॉट होक्स’ म्हणतात आणि तो मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. त्यातला साम्राज्याच्या दिमाखाला लावलेला धक्का मलाही भावतो. पण त्या हसण्यात आणखी कुणी तरी हसण्याचा विषय झाले होते, ज्यांना त्या नौकेवर जागाच नव्हती: ज्यांच्या कातडीचा रंग फासून ही मंडळी आली ते आफ्रिकी लोक. त्यांची संमती कुणी मागितली नव्हती, आणि मागाहूनही ती मिळाली असती असे मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळा डाव उभा होता तो एका तारेवर. तार कुणाच्या नावाने आली हे कागदावर दिसत होते. ती खरोखर कुणी पाठवली हे ताडून पाहण्याची सोय नव्हती. या तारेकडे मला पुन्हा यायचे आहे.

विसाव्या शतकात इंग्रजीत स्पूफ म्हणजे प्रामुख्याने विडंबन, असा अर्थ पक्का झाला. हा अर्थ आपल्याला परका नाही. प्रल्हाद केशव अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ काढले, तेव्हा ज्या कवींच्या लकबी त्यांनी उचलल्या होत्या त्यांतले बरेच कवी हयात होते, लिहिते होते. मूळ कविता वाचकाला पाठ असल्याशिवाय विडंबनाची गंमत कळत नाही. म्हणजे विडंबनकार खऱ्या कवितेला लपवत नाही. उलट ती वाचकाच्या मनात जागी असावी अशीच त्याची अपेक्षा असते. नकलेने अस्सलाची जागा बळकावायची नसते, हे या कलेचे मूळ पथ्य.

मराठी प्रेक्षकांच्या तोंडी ‘स्पूफ’ हा शब्द रुळला तो मात्र दूरचित्रवाणीमुळे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये नव्या-जुन्या चित्रपटांची स्पूफे होऊ लागली. त्या मांडणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या चित्रपटाची टर उडवली जाई त्याचे नट, दिग्दर्शक समोरच बसलेले असत आणि कॅमेरा अधूनमधून त्यांच्या चेहऱ्यांवर जाई. ते हसताहेत का, हे प्रेक्षक पाहत असत. विनोद जमला की नाही याचा न्याय समोर बसलेल्या मूळ माणसाने करायचा. मी मघाशी संमती म्हटले ती हीच, डोळ्यांना दिसणारी.

याहून जुना आणि माझ्या मते याहून थोर नमुना आपल्याकडे दारोदार फिरत असे: बहुरूपी. रायरंद म्हणा, बहुरूपी म्हणा. खाकी गणवेश, हातात दंडुका, ओठांवर मिशा, आणि दारात येऊन दरडावणी: तुमच्या नावाने वॉरंट निघाले आहे, चला चौकीवर! लहान मुले घरात पळत. घरातले मोठे माणूस गालातल्या गालात हसत खोटी गयावया करी. मग त्या वॉरंटमधले गुन्हे ऐकू येऊ लागत, एकाहून एक अचाट, यमकांत बांधलेले. पळालेली मुले हळूहळू पुन्हा दारात येत. शेवटी तो पोलीस सलाम ठोकून हात पुढे करी आणि सुपातले धान्य, एखादे नाणे घेऊन पुढच्या घरी जाई. भीती दाखवणे, ती वाढवणे, आणि नेमक्या क्षणी ती मोडून टाकणे, ही त्याची विद्या. भीती मोडता आली नाही तर त्याला दान मिळत नसे. उलगडा हे त्याचे पोट होते.

आता या शब्दाच्या आयुष्यातल्या दुसऱ्या पर्वाकडे येतो. तिथे हसू संपते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बर कमांडमध्ये ‘स्पूफ’ हा कामकाजातला शब्द झाला. स्पूफ म्हणजे लटका हल्ला. शत्रूची लढाऊ विमाने भलतीकडे ओढून न्यायची आणि खरा हल्ला दुसरीकडे करायचा. कबड्डीतली हूल ती हीच. १७ ऑगस्ट १९४३च्या रात्री जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे इथल्या अग्निबाण केंद्रावर ५९६ बॉम्बफेकी विमाने निघाली, तेव्हा आठ मॉस्किटो विमाने बर्लिनवर पाठवली होती. बर्लिनवरच मोठा हल्ला येतो आहे असे समजून जर्मन विमाने तिकडे धावली. उलगडा झाला तेव्हा ती पेनेम्युंडेकडे वळली आणि शेवटच्या तुकडीला गाठले. त्या रात्री ४० ब्रिटिश विमाने परतली नाहीत.

त्याच्या थोडे आधी, २४ जुलैच्या रात्री, हॅम्बुर्गवर ‘विंडो’ पहिल्यांदा वापरले गेले. एका बाजूला ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या कागदाच्या पट्ट्या विमानांतून गठ्ठ्यांनी सोडायच्या. पट्टीची लांबी शत्रूच्या रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी ठेवायची. जर्मनांच्या वुर्झबुर्ग रडारची तरंगलांबी सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणून पट्टी साधारण २७ सेंटिमीटरची. इतक्या लांबीच्या पट्टीवरून त्या लहरी जोराने परततात आणि पडद्यावर विमानांचे थवेच्या थवे दिसू लागतात. ही युक्ती जर्मनांनाही आधीच सुचली होती. दोन्ही पक्ष ती वापरायला कचरत होते, कारण एकदा वापरली की शत्रू ती उलट आपल्यावर वापरणार. पुढच्या वर्षी ५ जूनच्या रात्री, नॉर्मंडीच्या चढाईआधी, लँकेस्टर विमानांनी याच पट्ट्या टाकत, गोल गोल घिरट्या घालत आणि प्रत्येक घिरटीला थोडे पुढे सरकत इंग्लिश खाडी ओलांडली. वेग असा राखला की रडारवर पाहणाऱ्याला जहाजांचा तांडा संथपणे किनाऱ्याकडे सरकताना दिसावा. समुद्रावर तांडा नव्हताच. वैमानिकांना तासन्‌तास सेकंदाचा हिशेब चुकू न देता उडायचे होते.

इथे फसणाऱ्याची संमती कुठून आणायची? शत्रूला विचारून कुणी हूल देत नाही. तरीसुद्धा युद्धातल्या फसवणुकीलाही माणसाने मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या जोडकराराचे ३७वे कलम सांगते की रंगरूप बदलून लपणे, लटक्या हालचाली करणे, खोटी माहिती पसरवणे हे डावपेच चालतील. पण शरण येण्याचे नाटक करून गोळी झाडणे, जखमी असल्याचे सोंग करून हल्ला करणे, संरक्षित चिन्हांचा आडोसा घेऊन मारणे चालणार नाही. तो विश्वासघात. कारण पांढऱ्या निशाणावर आणि रेडक्रॉसच्या चिन्हावर दोन्ही बाजूंचे लोक विसंबून असतात. एकाने ते खोटे केले की उद्या खरोखर शरण येणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही आणि तो हकनाक मरेल. शत्रूला फसवा, पण ज्या खुणांवर सगळ्यांचे प्राण टांगलेले आहेत त्या खुणा खोट्या करू नका, असा त्याचा आशय. कसोटीचा तिसरा भाग आपल्याला इथे मिळतो.

रडारला फसवता येते हे कळल्यावर हा शब्द यंत्रांच्या जगात कायमचा गेला. यंत्राला नाटक आणि वास्तव यांतला फरक कळत नाही. त्याला जी खूण शिकवली ती दिसली की ते मानते.

ईमेलचे उदाहरण घ्या. पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसे न्यायचे याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले. तेव्हाचे जाळे लहान होते, वापरणारे बहुतेक संशोधक होते. पाठवणाऱ्याचे नाव म्हणून जे लिहिले जाईल ते खरे धरायचे, अशी ती व्यवस्था होती. पोस्टकार्डावर खाली कुणाचेही नाव लिहावे तशी. १९१०च्या त्या तारेची गोष्ट इथे पुन्हा आली. फोनचेही तसेच. जुन्या काळी क्रमांक टेलिफोन एक्स्चेंज ठरवी. इंटरनेटवरून फोन होऊ लागले तेव्हा समोरच्याच्या पडद्यावर कुठला क्रमांक उमटावा हे फोन करणाऱ्याची प्रणाली भरू लागली.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून येणारा संदेश आपल्यापर्यंत पोचेतो अतिशय क्षीण झालेला असतो. सामान्य नागरिकांसाठीच्या संदेशाची रचना उघड, प्रसिद्ध केलेली आहे. म्हणून कुणी जवळून तसाच पण जरा जोरकस संदेश सोडला तर ग्राहक यंत्र त्याच्यामागे जाते. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाचे टॉड हंफ्रीस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भूमध्य समुद्रात एका ६५ मीटर लांबीच्या नौकेवर, मालकाच्या परवानगीने, हे करून दाखवले. नौका आपल्या मार्गावरून ढळली आणि चालकांच्या पडद्यावर ती सरळच चाललेली होती. हा प्रयोग परवानगीने झाला आणि जगाला सावध करण्यासाठी जाहीर झाला, म्हणून मी त्याचा आदर करतो. चार वर्षांनी, जून २०१७ मध्ये, काळ्या समुद्रात वीसहून अधिक जहाजांना आपण जमिनीवर, रशियातल्या गेलेंजिकच्या विमानतळावर उभे आहोत असे दिसू लागले. तिथे कुणी परवानगी घेतली नव्हती आणि कुणी पुढे येऊन मुठी उघडल्या नाहीत. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांसाठी याबाबत सूचना काढाव्या लागल्या. समुद्रात आणि आकाशात दिशा दाखवणारी खूण खोटी करणे हे पांढरे निशाण खोटे करण्याच्याच जातीचे आहे, असे माझे मत आहे.

शेअर आणि वायदे बाजारांविषयी थोडक्यातच सांगतो. मोठ्या खरेदीची किंवा विक्रीची मागणी नोंदवायची, भाव हलला की ती रद्द करायची आणि हललेल्या भावावर आपले साधून घ्यायचे, याला तिथे स्पूफिंग म्हणतात. अमेरिकेने २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्यात या शब्दाची व्याख्या करून तो गुन्हा ठरवला. आर्थर रॉबर्ट्सच्या थट्टेतला शब्द संसदेच्या कायद्यात जाऊन बसला, ही शब्दांच्या इतिहासातली नवलाची गोष्ट आहे.

आणि आता घरातल्या फोनकडे येतो, कारण आज हा विषय मी ज्यांच्यासाठी घेतला ते श्रोते या सभागृहात बसलेले आहेत.

माझ्या नात्यातल्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढे. बँकेच्या शाखेचा क्रमांक त्यांनी स्वतःच फोनमध्ये नावासकट साठवून ठेवला होता. एके दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर तेच नाव उमटले. फोन बिचारा काय करणार? आलेला क्रमांक साठवलेल्या क्रमांकाशी जुळला, म्हणून त्याने ते नाव दाखवले. मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली खूण त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. पैसे गेले. पण त्याहून मला लागून राहिले ते पुढचे. त्यांनी कितीतरी दिवस कुणालाच सांगितले नाही. मुलाला नाही, शेजारणीला नाही. ‘मी फसले’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात.

का निघेनात, याचा विचार करताना मला या शब्दाचे ओझे जाणवले. थट्टेत जो फसतो त्याचे चार जणांत हसे होते आणि तोही हसतो. स्पूफ या शब्दाला अजून त्या खेळाचा वास आहे. तो गुन्ह्याला लावला की नकळत फसलेल्याचे हसे होते. ‘एवढे कसे कळले नाही?’ हा प्रश्न खेळातल्या हरलेल्याला विचारायचा प्रश्न आहे. ज्याने खेळात भागच घेतला नव्हता त्याला तो विचारणे अन्याय आहे. चोरी झालेल्या घराच्या मालकाला आपण असे विचारत नाही.

आणि ज्याला हल्ली ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात ते पाहा. व्हिडिओवर खाकी गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याची भिंत, हातात वॉरंट, तीच दरडावणी. बहुरूप्याचे सगळे सामान इथे हजर आहे आणि बहुरूप्याचे पुण्य मात्र नाही. तो भीती मोडून दान घेत असे. हे भीती मोडू नये यावर जगतात. म्हणून फोन बंद करू देत नाहीत, कुणाशी बोलू देत नाहीत, खोलीचे दार लावायला लावतात.

यासाठी मराठीत नेमका शब्द आहे आणि त्याला आपला इतिहास आहे: तोतया. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ जिवंत आहेत ही आशा महाराष्ट्राने सोडली नव्हती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नव्हते. त्या आशेच्या आधारावर एक कनोजी ब्राह्मण, सुखनिधान, स्वतःला भाऊ म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळी त्याची चौकशी झाली, भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांकडून परीक्षा झाली आणि त्याला कैदेत ठेवले गेले. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि कोकणातले किल्ले, माणसे, फौज त्याच्याकडे वळू लागली. बंड मोडले गेले, तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच घटनेवरचे.

या प्रकरणाची आठवण काढताना पार्वतीबाईंना कुणी मूर्ख म्हणत नाही. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्या आशेबद्दल आपल्याला कणव वाटते आणि दोष ठरतो तो तोतयाचा. ‘तोतया’ हा शब्द उच्चारला की बोट आपोआप गुन्हेगाराकडे वळते. शिवाय त्या काळच्या कारभाऱ्यांनी जे केले ते आजही करण्यासारखे आहे. चेहरा, पोशाख, नाव यांवर न विसंबता, ज्या गोष्टी खऱ्या माणसालाच ठाऊक असतील त्या विचारून ओळख पटवायची.

यंत्रांच्या बाजूने प्रयत्न चालू आहेत. ईमेल पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची व्यवस्था आता मोठ्या कंपन्यांनी सक्तीची केली आहे. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांच्या संदेशावर अस्सलपणाची सही येऊ लागली आहे. आपल्या दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून येणारे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच तिने असे सुमारे १ कोटी ३५ लाख फोन ओळखले. एका दिवसात इतके तोतये आपल्या दारांवर येत होते. यंत्रणेने त्यांतले पुष्कळ अडवले असतील, पण देशातूनच केलेला फोन, व्हॉट्सॲपवरचा गणवेश, हे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली इथे बसलेल्या पत्रकार मित्रांना. नटाने नटाची उडवली तर खुशाल स्पूफ म्हणा. तो त्या शब्दाचा हक्काचा संसार आहे. पण बँकेच्या नावाने फोन करून कुणी लुबाडले तर ‘तोतया बँक अधिकाऱ्याने लुबाडले’ असे लिहा, ‘तोतया क्रमांक’ लिहा. ‘आजी फसल्या’ असा मथळा देऊ नका. वाक्याचा कर्ता गुन्हेगार असू द्या.

दुसरी विनंती तुम्हा सगळ्यांना. आज घरी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. आलेल्या फोनवर दिसणारे नाव हा पुरावा नाही, हे त्यांना सांगा. शंका आली तर फोन ठेवून, आपल्या पासबुकावर छापलेला क्रमांक आपण स्वतः लावायचा, हे शिकवा. आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर ‘कसे कळले नाही’ हे विचारू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला त्यांच्या शेजारी बसा. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता जास्त असते.